पतंग की पतंगाचा तोतया? शेतातले बारीक पतंग ओळखायचे कसे

ऑक्टोबरातली सकाळ. कपाशी कमरेएवढी झालेली, पराटीवर दव. शेजारच्या धुऱ्यावरून काकांनी हाक मारली आणि कामगंध सापळ्यातली, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातली, चिकट पट्टी माझ्यापुढे धरली. "बघ, मोजून एकवीस पाखरं. आता औषध मारल्याशिवाय गत्यंतर नाही."

पट्टी घेऊन बांधावर बसलो आणि भिंगाखाली एकेक करून पाहत गेलो. एकवीसपैकी गुलाबी बोंडअळीचे पतंग निघाले पाच. बाकी नऊ निरनिराळ्या माश्या, पाच तुडतुडे आणि दोन हिरवे जाळीपंखी, म्हणजे मावा खाऊन आपलंच काम करणारे किडे. शिवाय पट्टी चार रात्रींची होती. गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार कधी करायचा, तर सतत तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर. इथे चार रात्री मिळून पाच. काकांना ते दाखवलं आणि पंप तसाच घरी गेला.

ही वेळ येते ती ओळख चुकल्यामुळे. बारीक, भुरकट, पंखवालं काही दिसलं की आपण त्याला 'पाखरू' म्हणून मोकळे होतो. शेतकऱ्यासाठी त्यात पैसा जातो, आणि ज्याला निसर्गाची आवड आहे त्याच्या हातून एक अख्खं जग निसटतं. वर्षानुवर्षं हे इवलेसे जीव पाहून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. रंग सगळ्यात शेवटी पाहायचा. आधी बसण्याची ढब, मग पंखांवर काय आहे ते, मग तोंड, मग मिशा, आणि त्यानंतर रंग. बारीक पतंगांचे खवले झडतात, रंग उडतो, आणि भुरकट रंगाचे तर शेकड्यांनी आहेत. बसण्याची ढब सहसा फसवत नाही.

हाताशी काय हवं

फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनार किंवा घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं. झाकणाच्या दोनतीन पारदर्शक डब्या. आलेख कागदाचा तुकडा, लहान मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, दवात शाई पसरते.

भिंग धरण्यात बहुतेकांची चूक होते. आपण भिंग किड्याजवळ नेतो आणि डोळा लांब ठेवतो. त्याऐवजी भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि डबी हळूहळू जवळ आणा. दहा पटीच्या भिंगात साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ होतं. उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे पंखांवरचा पोत उठून दिसतो.

पतंग डबीत तडफडत असेल तर डबी फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, खालच्या कप्प्यात. थंडीने तो सुस्त होतो आणि बाहेर काढल्यावर दोनचार मिनिटं शांत बसतो. तेवढ्यात पाहणं, मोजणं, फोटो सगळं उरकतं, आणि ऊब मिळाली की तो उडून जातो. डबी आतून कोरडी हवी. पाण्याचा एक थेंब असला तरी पंख चिकटतात.

हात लावण्याआधी

किडा दिसला की पहिली हालचाल पकडण्याची नको. तो कुठे बसलाय ते पाहा. कोणतं झाड, पानाची वरची बाजू की खालची, कळीवर की खोडावर, दिवस की रात्र, जवळ पाणी आहे का. हे वहीत आधी उतरवा. पतंगाच्या नावाचा अर्धा शोध झाडाच्या नावात असतो, कारण बऱ्याच बारीक पतंगांच्या अळ्या एकाच झाडावर किंवा एकाच कुळातल्या झाडांवर जगतात. 'भिंतीवर दिव्याखाली सापडला' या नोंदीपेक्षा 'तुरीच्या शेंगेवर, सकाळी सात वाजता' ही नोंद शंभर पट कामाची.

मग ढब पाहा. तो कसा बसलाय हे चित्र डोक्यात पक्कं करा, कारण डबीत गेल्यावर तो तसा बसेलच असं नाही.

दोन्ही पंख लांबट कौलारू छपरासारखे उतरते ठेवलेले असतील तर अनेक कुळं शक्य आहेत, आणि पतंग सोडून इतर किडेही. पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळून गवताच्या काडीला चिकटलेला, तोंडापुढे लांब चोच आल्यासारखा दिसणारा बहुधा गवती पतंग. भाताच्या बांधावरून चालताना पायापुढून उडून दोन हातांवर पुन्हा काडीला चिकटणारे हेच. पंख सपाट पसरून त्रिकोण करून बसणारे त्याच गोतावळ्यातले दुसऱ्या शाखेचे, भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग तसा बसतो. वरून पाहिल्यावर देवळातल्या घंटेसारखी आकृती दिसली, खांदे रुंद आणि खाली थोडा घेर, तर पानं गुंडाळणाऱ्या टॉर्ट्रिसिड कुळाचा संशय घ्या. पंख आडवे ताणून इंग्रजी टी अक्षर केलं असेल तर तो पिसारी पतंग. घाईत त्याला डास समजतात. आणि पुढचे पाय ताठ टेकवून डोकं वर उचललेला, तिळाएवढा चकचकीत जीव दिसला तर तो पानाच्या आत सुरुंग खणणाऱ्या ग्रॅसिलॅरिड कुळातला असण्याची शक्यता मोठी. या कुळातल्या अनेकांची ही बैठक ठरलेली.

वडा-उंबराच्या जातीच्या झाडांवर दिवसा फिरणारे कोरिउटिड कुळातले पतंग सापडतात. पंख थोडे उचलून झटक्याझटक्याने चालतात. त्यांच्यातल्या काही जातींची ही चाल आणि पंखांवरची नक्षी उड्या मारणाऱ्या कोळ्याची हुबेहूब नक्कल असते. पहिल्यांदा पाहाल तेव्हा कोळीच वाटेल, पाय मोजा.

भारतातल्या शेकडो बारीक पतंगांना शास्त्रीय नावं दिली ती इंग्लंडमधल्या एका शाळामास्तराने. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८). जगभरातून आलेल्या पतंगांच्या १४,००० पेक्षा जास्त जातींची वर्णनं त्याने लिहिली. पण त्याच्यासमोर असायचे ते टाचणीला टोचून वाळलेले, पंख पसरलेले नमुने. म्हणजे यांतल्या कितीतरी जातींच्या मूळ वर्णनात तो पतंग जिवंतपणी बसतो कसा याचा उल्लेखच नाही. तुमच्या अंगणातला जिवंत पतंगाचा एक स्वच्छ फोटो, सोबत झाडाचं नाव, ही म्हणूनच खरी भर असते.

पंखांवर काय आहे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पतंगाची खरी खूण म्हणजे खवले. भिंगाखाली पंख पाहिला की घरावर कौलं रचावीत तसे खवले एकावर एक बसलेले दिसतात. पंखांच्या कडेला झालर असते. बारीक पतंगांत मागच्या पंखाची झालर कधीकधी पंखाच्या रुंदीपेक्षाही लांब असते. कोरडा ब्रश पंखाला हलकेच लावा आणि तो काळ्या कागदावर झटका. चकाकती भुकटी पडली तर ते खवले.

आता तोतये.

पहिला आणि सगळ्यात फसवा म्हणजे कॅडिस. कालव्याकाठी पांढरा पडदा लावला त्या पहिल्या रात्री शेदीडशे तपकिरी 'पतंग' आले म्हणून मी हरखून गेलो होतो. पंख छपरासारखे, मिशा लांब, रंग भुरा, सगळं पतंगासारखं. सकाळी डबीत ठेवलेले भिंगाखाली घेतले तर पंखांवर खवले नव्हते, बारीक केस होते. वहीतली पानभर यादी खोडावी लागली. कॅडिसच्या पंखांवर केसांची लव असते, ब्रशला भुकटी लागत नाही, आणि मिशा धाग्यासारख्या, सहसा अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब. पतंगांचे हे सगळ्यात जवळचे नातेवाईक. त्यांच्या अळ्या पाण्यात राहतात आणि बऱ्याच जातींच्या अळ्या वाळूचे कण, काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात. ओढ्यातला दगड उलटा करून पाहा, नळ्या दिसतील. म्हणून 'जवळ पाणी आहे का' ही नोंद पहिल्याच ओळीत हवी.

दुसरा तोतया घरातला. न्हाणीघराच्या भिंतीवर, मोरीच्या जाळीजवळ, काळसर केसाळ, बदामाच्या पानाच्या आकाराचा, तीनचार मिलिमीटरचा. उडवला की दोन वीत लांब जाऊन पुन्हा भिंतीवर बसतो. बघणाऱ्या दहातले नऊ जण त्याला पतंग म्हणतात. तो माशीच्या जातीचा आहे. पंख मोजा, एकच जोडी. माश्या-डासांच्या साऱ्या गोतावळ्यात मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे असतात. मिशा मण्यांच्या माळेसारख्या केसाळ. त्याच्या अळ्या मोरीच्या पाइपात साचलेल्या चिकट गाळात वाढतात, तेव्हा पाइप घासून काढला की हे किडे थांबतात. भिंतीवर औषध मारून काही होत नाही.

पांढरी माशी सगळ्या कापूसवाल्यांना माहीत आहे. एक-दीड मिलिमीटर, पान हलवलं की पांढरा धुरळा उडाल्यासारखी उठते. तिच्या पंखांवरची पांढरी भुकटी मेणाची असते, तिला खवल्यांसारखी रचना नसते. नावात माशी असली तरी ती माशी नाही, मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातली रस शोषणारी आहे.

उसातली पाकोळी, म्हणजे पायरिला, दिसायला छपरी पंखांचा गवती रंगाचा पतंगच. तिच्या तोंडापुढे टोकदार चोच आलेली असते आणि त्यामुळे गवती पतंगाशी गल्लत आणखी वाढते. पण तिला बोट दाखवा. पाकोळी टुणकन उडी मारते. तुडतुडे तर आधी तिरपे चालून पानाच्या दुसऱ्या बाजूला जातात. पतंग उडी मारत नाही, उडतो किंवा सटकन पळतो. मिशाही पाहा. पाकोळी आणि तुडतुड्यांच्या मिशा डोळ्यांजवळ केसाएवढ्या आखूड, चटकन दिसतही नाहीत.

जाळीपंखी ओळखायला सोपे. पंख काचेसारखे पारदर्शक आणि त्यांवर शिरांची दाट जाळी, डोळे सोनेरी झळाळीचे. देठावर उभी केलेली पांढरी टाचण्यांसारखी अंडी पानावर दिसली तर तीही यांचीच. तो पिकाचा राखणदार, त्याला मोजणीत धरू नका.

जुनी पुस्तकं, ओलसर भिंती आणि झाडांच्या साली इथे सोसिड नावाचे मऊ अंगाचे छोटे किडे असतात. पंखवाल्या जाती छपरासारखे पंख ठेवतात. कपाळ फुगीर, पंखांवर मोजक्या शिरा, खवले सहसा नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तोंड आणि मिशा

पंख झडलेले असले, पट्टीच्या चिकात लडबडलेले असले तर तोंड कामाला येतं. डबी उलटी धरून खालून पाहा. पतंगाची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. पाकोळी, तुडतुडे, पांढरी माशी यांची सोंड सुईसारखी सरळ, पोटाखाली मागे वळवून ठेवलेली. कॅडिसला अशी गुंडाळलेली सोंड नसते. एवढ्या एका पाहणीत निम्मे तोतये बाजूला पडतात. काही पतंगांची सोंड फार आखूड असते हे मात्र ध्यानात असू द्या.

सोंडेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले दोन अवयव असतात, त्यांना मी शिंगं म्हणतो. शिंगं सरळ पुढे चोचीसारखी निघाली असतील तर गवती पतंगांच्या गोतावळ्याकडे जा. विळ्यासारखी वर वळून कपाळाच्याही वर गेली असतील तर गेलेचिड आणि त्याच्या शेजारची कुळं. गुलाबी बोंडअळी, टोमॅटोची टुटा, बटाट्यातला पतंग, साठवलेल्या गव्हातला पिवळा पतंग हे सगळे या विळ्याच्या शिंगांचे. या दोन्ही गोतावळ्यांत सोंडेच्या बुडाशी खवले असतात, इतर बऱ्याच कुळांत सोंड बुडापासून उघडी असते. ही खूण चांगल्या भिंगात आणि सुस्तावलेल्या पतंगावरच दिसते, पण दिसली की मनाला मोठा आधार मिळतो.

मिशांचं थोडक्यात. टोकाला गाठ असेल तर ते फुलपाखरू. आकारावर जाऊ नका, ग्रास ज्युएलसारखं फुलपाखरू कित्येक पतंगांपेक्षा लहान असतं. मिशा पंखांपेक्षाही लांब आणि रंग मळकट पिवळा-तपकिरी असेल तर लेसिथोसेरिड कुळ. रात्री दिव्यावर येणाऱ्यांत हे आपल्याकडे बरेच.

मोजमाप

'बारीक' हा शब्द वहीत लिहू नका, मिलिमीटर लिहा. डबीखाली आलेख कागद सरकवला की झालं. मोजायचं ते खांद्यापासून पुढच्या पंखाच्या टोकापर्यंत. कागद नसेल तर दाण्यांशी ताडून पाहा. तीळ साधारण तीन मिलिमीटर, ज्वारीचा दाणा चार, तांदळाचा दाणा पाच-सहा. शेतात उभं राहून 'तिळापेक्षा मोठा, तांदळापेक्षा लहान' हे कुणालाही सांगता येतं.

पिकापिकातले पतंग

आता कपाशी, कारण माझं सगळं शिक्षण तिच्यातच झालं. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात झालं ते भडोचच्या कापसावरच्या पतंगांवरून. म्हणजे हा पाहुणा आपल्याकडचा जुनाच. पंख मिटून बसलेला पतंग एक सेंटिमीटरच्या आतला, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट अस्पष्ट पट्टे आणि ठिपके. मागचे पंख रुपेरी राखाडी, टोक बोटासारखं निमुळतं, कडेला लांब झालर. शिंगं विळ्यासारखी वर. दिवसा तो ढेकळांच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडतो आणि जोडीच्या शोधात निघतो तो मध्यरात्रीनंतर. म्हणून सापळा सकाळी पाहायचा. सापळ्यात मादीच्या गंधाची वडी असते, तेव्हा येतात ते फक्त नर. वडी लावताना हात स्वच्छ हवेत. एका किडीची वडी हाताळून त्याच हातांनी दुसरीची लावली की गंध मिसळतो आणि सापळे खोटं बोलू लागतात.

ठिपक्यांच्या बोंडअळीचा पतंग कधीकधी याच मोजणीत धरला जातो. पण त्याच्या फिकट पुढच्या पंखांवर मधोमध हिरवा पट्टा असतो, त्याच्या भाऊबंद जातीत तर आख्खा पंख हिरवा. चिकात रंग मळला तरी अंग जाडसर आणि झालर आखूड, त्यावरून तो वेगळा काढता येतो. आणि निव्वळ पतंगावर विसंबू नका, शेतात डोमकळ्या शोधा. पाकळ्या उमलण्याऐवजी एकमेकींना शिवल्यासारख्या बंद दिसल्या की फूल सोडवून पाहा. आत अळी सापडली तर पतंगाची ओळख तिथेच पक्की झाली. पूर्ण वाढायच्या आधी ती पांढुरकी असते, तेव्हा 'गुलाबी नाही म्हणजे ती नाही' असं समजू नका.

टोमॅटोत टुटा. याच मेरिकने १९१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमधल्या नमुन्यावरून नाव दिलेला हा पतंग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर. पाच-सहा मिलिमीटरचा, रुपेरी-राखाडी, मिशांवर फिक्या-गडद पट्ट्या आळीपाळीने. बटाट्यातला पतंग याच्या इतका जवळचा की नुसत्या फोटोवरून दोघांत खात्रीने फरक सांगू नये. पानं मात्र बोलकी असतात. टुटाची अळी पानात ऐसपैस फोडासारखी पोकळी करते, पातळ कागद उरतो आणि आत काळी विष्ठा. नागमोडी, दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेघा असतील तर ती नागअळी म्हणजे एका माशीची अळी, पतंगाचा तिथे संबंध नाही. पोकळी सुईने उघडा. तपकिरी डोकं आणि पाय असलेली अळी पतंगाची. डोकं-पाय काहीच न दिसणारी मऊ अळी माशीची. दोघींचे उपाय वेगळे, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका.

कोबी-फुलकोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग ओळखायला सर्वांत सुखाचा. मिटलेल्या पंखांच्या पाठीवर ओळीने तीन फिकट चौकट आकार, पत्त्यांतल्या चौकटसारखे, आणि मिशा समोर ताठ धरलेल्या. त्याच्या अळीला काडीने डिवचलं की ती जोरात वळवळून धाग्यावर लोंबकळते. वांग्यातला शेंडे आणि फळं पोखरणारा पांढरा, त्यावर तपकिरी-गुलाबी डाग, आणि बसताना पोटाचं टोक वर उचललेलं.

कोकणात भाताच्या खोडकिड्याची मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर मधोमध एक काळा ठिपका, पोटाच्या टोकाला केसांचा झुबका. हाच झुबका ती अंड्यांच्या पुंजक्यावर चिकटवते. नर लहान आणि भुरा, त्याला निराळी जात समजून वहीत दोन ओळी लिहिल्या जातात. पुढे गाभेमर, म्हणजे रोपाचा वाळलेला मधला कोंब, आणि पांढऱ्या लोंब्या दिसतात त्या यांच्याच अळ्यांमुळे.

तुरीवरचा पिसारी पतंग टी आकारावरून कळतो. त्याचा पुढचा पंख दोन आणि मागचा तीन पिसांत चिरलेला असतो. संत्रा-लिंबाच्या कोवळ्या पानांत रुपेरी नागमोडी वाट काढणारी अळी मात्र खरोखर पतंगाची. तो पतंग बसला की जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, चांदीसारखा पांढरा, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. पतंग शोधत बसू नका. जिथे पानाची कड दुमडली आहे तिथे त्याचा कोष असतो, तो पानासकट डबीत ठेवा.

सराव घरातल्या डब्यांत

शेत नसलं तरी स्वयंपाकघर आहे. रवा, तांदूळ, गहू यांतून उडणारे तीन पतंग शिकलात तर शिंगांचा धडा पक्का होतो. गव्हा-भातातला पतंग पेंढ्यासारखा पिवळसर, शिंगं विळ्यासारखी, मागच्या पंखाचं टोक बोटासारखं बाहेर आलेलं. सुकामेवा-पिठातल्या दुसऱ्याचा पंख दोन रंगांचा, बुडाकडे फिकट आणि पुढे तांबूस तपकिरी. तिसरा एकसारखा राखाडी-भुरा, त्याच्या अळ्या तांदळा-रव्यात जाळी करतात. घरात जो नकोसा, तोच प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात, कारण ट्रायकोकार्डवर, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक मित्र गांधीलमाश्या शेतात सोडायच्या कार्डावर, चिकटवलेली अंडी त्याची असतात.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी मातकट पिशवी पाहिली असेल. तिच्यात पतंगाची अळी असते. पिशवीला दोन्ही टोकांना दारं, आणि अळी कुठल्याही दारातून डोकं काढून पिशवी ओढत चालते. ती झाडून टाकण्याआधी एकदा भिंगाखाली पाहा.

अळी वाढवून पाहा

ओळखीचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. अळी सापडलेल्या पानासकट डबीत ठेवा, तळाला टिपकागद. रोज ताजं पान, रोज विष्ठा साफ, आणि डबीवर तारीख आणि झाडाचं नाव चिकटवलेलं. झाकणावर पाणी साठलं तर कागद बदला, बुरशी धरली की सगळं संपतं. कोष झाल्यावर हलवू नका. पतंग बाहेर पडला की दोनतीन तास पंख वाळू द्या आणि मगच फोटो घ्या, कारण खवले इतके कोरे पुन्हा कधी दिसणार नाहीत. कोषाची साल जपून ठेवा.

कधी पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघेल. तिने अळीत अंडं घातलेलं होतं. हिरमुसू नका, तीही नोंदवा. कोबीच्या शेतातल्या दहा अळ्यांपैकी चारमधून अशा माश्या निघाल्या तर फवारणीआधी थांबून विचार करायला तेच कारण पुरेसं असतं.

रात्रीचा पडदा

अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली दमट रात्र निवडा. पावसाळ्याचे पहिले आठवडे उत्तम. पांढरी चादर दोरीला बांधा, पुढे पाऱ्याचा दिवा किंवा अतिनील दिवा. अतिनील दिव्याकडे थेट पाहू नका. मोठे पतंग आधी नजर खेचतात, बारीक मंडळी चादरीच्या कडांना आणि खालच्या गवतावर असतात, तिथे बसून शोधा. उजाडण्याआधी दिवा बंद करा आणि चादर झुडपात झटका, नाहीतर सकाळी कोतवाल आणि बुलबुल सगळे टिपून नेतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय पडदा लावू नका आणि काही गोळाही करू नका. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो, २०१२ पासून. पहिल्यांदा पडदा लावायला तो मुहूर्त छान आहे.

फोटो, आणि नाव कुठे थांबवायचं

किमान तीन फोटो हवेत. वरून, बाजूने डोकं-शिंगं दिसतील असा, आणि आलेख कागदावर. मोबाइलवर अडकवायचं छोटं भिंग यासाठी पुरतं. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना संगणकाने सुचवलेलं नाव लगेच स्वीकारू नका. बारीक पतंगांत तो पुष्कळदा अमेरिकेतली किंवा युरोपातली दिसायला सारखी जात पुढे करतो. ती जात भारतात नोंदली आहे का, हे 'मॉथ्स ऑफ इंडिया' संकेतस्थळावर पाहा. आणि सापडलेल्या झाडावर तिची अळी जगते का, तेही तपासा. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे जा.

अनेक जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या होत नाहीत. तिथे कुळाच्या किंवा गणाच्या नावावर थांबणं हीच बरोबर नोंद. चुकीचं पूर्ण नाव पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेने नेतं, अर्धं पण खरं नाव त्याला खऱ्या जागी उभं करतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे, तिच्यापुढे मी आजवर काही जोडलेलं नाही:

'बोर, पानाची खालची बाजू, सकाळी साडेसहा, दव. पंखाची लांबी ४ मिमी. छपरी ढब. खवले आहेत. सोंड गुंडाळलेली, बुडाशी खवले. शिंगं विळ्यासारखी. उडी नाही, पळतो. गेलेचिड किंवा शेजारचं कुळ. जात माहीत नाही. अळी शोधणे.'